अर्धा उगवलेला दात

"हिची मिसरी सोडवा," नातीला खुर्चीत ढकलत हौसाबाई शेलार म्हणाल्या. "रडली, वरडली तरी सोडू नका. घरचं सगळं करून झालंय."

"काय काय केलंत घरी?" मी विचारलं.

"आदी समजावलं. मग उलतनं हाणलं. मग डबी कुलपात ठिवली. तरी डबीतली मिसरी कमी हुतीच."

खुर्चीतली सारिका अकरा वर्षांची होती. सहावीत होती, दोन घट्ट वेण्या होत्या, आणि ओठ असे मिटलेले होते की उघडायला पाना लागेल असं वाटावं. तिची आई मालन दाराशीच थांबली होती, तोंडाला पदर लावून. सासूसमोर पदर सांभाळायची तिकडे रीतच, त्यामुळे मी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही.

या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. मी सांगलीहून पाटणला येऊन एस. टी. स्टँडमागे दवाखाना थाटला होता आणि दात काढणं, दात बसवणं यापलीकडे तिथे कुणी मला काही विचारत नव्हतं. मिश्रीशी मात्र माझं रोजचं वैर होतं. तव्यावर तंबाखू जाळून केलेली ती काळी पूड बायका सकाळी बोटावर घेऊन दातांना चोळत बसायच्या. चहा एकवेळ राहिला तरी चालेल, पण मिश्री राहिलेली चालायची नाही. मिश्रीवरचं माझं भाषण मला पाठ होतं आणि ऐकून ऐकून गिऱ्हाइकांनाही पाठ झालं होतं.

"लावतेस का गं मिश्री?" मी सारिकाला विचारलं.

तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाच माहीत.

"मास्तरांनी वर्गात सगळ्यांम्होरं तोंड उघडाय लावलं," हौसाबाई म्हणाल्या. "म्हनाले, तमाकू खानारी पोर वर्गात नगं. आता दिवाळीपत्तर सुटली तर शाळा, न्हाईतर घरी बसवती. येसनी पोर शाळंत धाडून गावात नाव घालवायचं व्हय? पोरीची चोरी, वर तोंडावर खोटं."

चोरी हा शब्द ऐकून सारिकाने एकदा दाराकडे पाहिलं. मग पुन्हा छताकडे.

शेवटी तिने तोंड उघडलं. दात काळपट होते, हिरड्यांच्या कडेला मिश्रीची रेघ होती. चोरी पकडलेली होती, भाषण सुरू करायला हरकत नव्हती. मी हवेची नळी घेतली आणि एका दातावर हलकी फुंकर सोडली.

पोरगी खुर्चीतून हातभर उडाली. ओरडली नाही. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"नाटकी हाय," हौसाबाई म्हणाल्या.

मी नळी ठेवून दिली. हवेच्या फुंकरीने एवढं दुखायला दाताला किडीने मोठं भोक पडावं लागतं, आणि मला कुठे भोक दिसलं नव्हतं. मला लहानपणापासून नको तिथे नाक खुपसायची खोड आहे. माझी आई म्हणायची, हिला देवळात नेलं तर ही मूर्तीच्या पाठीमागे काय आहे ते बघून येईल. ती खोड आता जागी झाली.

"चूळ भर," म्हणून मी माठातलं पाणी तिच्या हातात दिलं. तिने पेला ओठांना लावायच्या आधी जीभ बाहेर काढली, खालच्या दातांवर अंथरली, आणि पाणी जिभेवरून घशात सोडलं. दातांना थेंबही लागू दिला नाही. सवयीचं काम होतं ते, आपण चप्पल घालताना खाली बघत नाही तसं.

मी स्टोव्हवर पाणी कोमट केलं, त्यात कापूस बुडवला आणि एकेक दात पुसत गेले. मिश्री ताजीच होती, वरवर बसलेली, निघायला लागली. खाली पांढरा दात यायला हवा होता. खाली पिवळा दात आला. पिवळा आणि खडबडीत, बारीक बारीक खड्ड्यांचा. दुसरा पुसला, तोही तसाच. मागच्या दाढा तर झिजून निम्म्या झाल्या होत्या.

मिश्रीने दात काळा होतो, हिरडी सोलते, पुढे फार वाईटही होतं. पण मिश्री दाताला असे खड्डे पाडत नाही. इथे काहीतरी वेगळंच पाणी मुरत होतं. मी आरसा फिरवत शेवटच्या कोपऱ्यात गेले आणि तिथे मला तो दात दिसला.

वरचा सुळा होता. त्या वयात तो येतो. हिरडी फोडून जेमतेम अर्धा वर आला होता, कडेला अजून हिरडीची झालर होती. त्याला बोट लागलं नव्हतं, मिश्रीचा काळा कणही नव्हता. तरी तो पिवळा होता आणि त्याच्यावर तेच खड्डे होते.

मी इतका वेळ त्या दाताकडे बघत राहिले की हौसाबाईंनी विचारलं, "झोप लागली का काय वो?"

"आजी, तुमचे दात कसे आहेत?"

"माजं?" त्यांनी मोठ्या अभिमानाने तोंड उघडलं. काळेकुट्ट, पण एकूण एक जागेवर आणि भक्कम. "अजून ऊस सोलून खाती. माज्या ल्येकाचं बी आसंच. तिकडं मुंबईत माथाडीत हाय, दातानं सुतळी तोडतो. शेलाराच्या घरात दाताचं दुकनं कुनाला ठावं न्हाई."

म्हणजे बापाकडची बाजू निकालात निघाली. मी दाराकडे पाहिलं. मालन पदराआड होती आणि माझ्याकडे एकटक बघत होती. मी काही विचारणार तोच तिने नजर वळवली.

"पुढच्या सोमवारी आणा," मी म्हणाले. "तोवर हिला मारू नका. मला अजून समजलेलं नाही."

"मिसरीत समजायचं काय हाय?" असं पुटपुटत हौसाबाई दोघींना घेऊन उतरल्या.

तो आठवडा मी जुनी पुस्तकं धुंडाळली. दाताच्या वरचं जे टणक, चकचकीत कवच असतं, ते काहींच्या दातांवर नीट तयारच होत नाही. पातळ येतं, ठिसूळ येतं. कॉलेजात त्यावर परीक्षेत पाच मार्कांचा प्रश्न असायचा आणि एक धुरकट फोटो. त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण ते सांगून कुणाचा दात बरा होत नाही. एवढं मात्र तिथे ठळक लिहिलं होतं की अशा वेळी घरातल्या बाकीच्यांचे दात बघावेत.

सोमवारी पाटणचा बाजार. हौसाबाईंनी दोघींना माझ्याकडे सोडलं आणि त्या वाटाण्याचं बी घ्यायला गेल्या. मला हवं होतं तेच झालं. मी सारिकाला बाहेरच्या बाकावर बसवलं, मासिकातली चित्रं बघायला दिली आणि मालनला आत घेतलं.

"उन्हातून आलात. पाणी घ्या."

तिने पेला घेतला, पाठ फिरवली. पण भिंतीवर माझा आरसा होता. त्यात मला दिसलं, तिने जीभ बाहेर काढली आणि खालच्या दातांवर अंथरली.

"मालनताई," मी म्हणाले, "तुमचे दात बघू द्या."

तिने पेला खाली ठेवला. "माजं कशाला? मला काय झालं न्हाई."

"सारिकाला जे झालंय ते मिश्रीने झालेलं नाही. तिचे दात जन्मतःच तसे आहेत. असं घरात कुणाचं तरी असतं. सासूबाईंचं नाही, नवऱ्याचं नाही."

तिने बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. पदर तोंडाशी तसाच.

"तोंड उगडाय लावू नका," शेवटी ती म्हणाली. "इचारा काय इचारायचं ते."

"तुमच्या माहेरी अजून कुणाचे आहेत असे?"

"आईचं हुतं. मावशीचं हुतं. मावशीचं लगीन ठरून मोडलं. बघायला आल्याली मानसं, कुनीतरी काय इनोद केला आन् ती हसली. दुसऱ्या दिशी सांगावा आला, पोरीच्या अंगात खोट हाय." मालन खाली बघून बोलत होती. "तवापास्नं आमच्यात रीत पडली. पोरीचं दात आलं की आई मिसरी लावाय शिकवती. काळ्या दाताला कोन नाव ठेवत न्हाई बाई, सगळ्या गावाचं काळंच असत्यात. पिवळ्याला ठेवत्यात. आन् मिसरीनं जरा बधिर बी हुतं. भाकरी खाता येती."

मला माझं पाठ केलेलं भाषण आठवलं. त्यात हे कुठेच नव्हतं.

"म्हणजे सारिकाला मिश्री..."

"म्याच दिली. आत्याबाईंच्या डबीतनं काढून, कुलपाची किल्ली कुठं असती ते ठावं हाय मला. माज्या डबीतली दोगींना पुरत न्हाई." तिने डोळे पुसले. "पोरीला सांगितलं, कुनाला बोलायचं न्हाई. ती बोलली न्हाई. उलतनं खाल्लं, तरी बोलली न्हाई."

बाहेर बाकावर सारिका पानं उलटत होती. शेवटच्या पानावर जाऊन पुन्हा पहिल्यापासून बघत होती.

मी मालनला समजावलं. मागच्या दाढांवर स्टीलच्या टोप्या बसवाव्या लागतील, नाहीतर त्या हिरडीपर्यंत झिजतील. पुढच्या दातांवर दाताच्याच रंगाचा थर द्यावा लागेल. अशा दातांना भुलीचं इंजेक्शनही नीट लागत नाही, तेव्हा थोडं थोडं, न दुखवता करायचं. जसजसे नवे दात येतील तसतसं त्यांच्याही मागे लागायचं. काही वर्षं यावं लागेल. "पण मग तिला गार पाणी पिता येईल. आणि हसता येईल."

"पर त्येला आत्याबाईंनी हो म्हनाया पायजे."

"म्हणतील. मी सांगते त्यांना, पोरीची चूक नाही म्हणून."

"मग त्या इचारतील, चूक कुनाची." ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघत होती. "माज्या माहेरचं हाय म्हनून कळलं की झालं. आमाला फसवलं म्हनतील. मालक मुंबईला, मी हितं त्यांच्या हातात. आन् उद्या सारिकाचं लगीन? आईकडनं आलंय म्हनल्यावर तिलाबी तेच चिकाटनार." तिने आवाज आणखी खाली आणला. "बाई, ताप आल्याला म्हना. बारकी असताना सारिकाला लई ताप आल्याला. खरंच आल्याला. त्येनं झालं म्हना."

मला हे पटलं नाही. पण विचार केला तर पुरतं खोटंही नव्हतं. बाळपणीच्या मोठ्या दुखण्याने दातांचं कवच बिघडतं, हे पुस्तकात आहे. तशा वेळी ठरावीक दातांवर ठरावीक पट्टे येतात, सगळ्या दातांवर असं येत नाही, पण हौसाबाई थोड्याच मला पट्टे कुठे आहेत म्हणून विचारणार होत्या. पोरगी सुटत होती, आई सुटत होती. मी मान डोलावली.

हौसाबाई बियाची पिशवी घेऊन आल्या, तशी मालन उठून दाराशी गेली. मी सारिकाला खुर्चीत घेतलं, दिवा जवळ ओढला आणि आजींच्या हातात छोटा आरसा दिला.

"वर बघा. हा सुळा. आत्ता हिरडीतून बाहेर येतोय. याला मिश्री लागलीय का?"

हौसाबाईंनी डोळे बारीक केले. आरसा तिरका केला, सरळ केला. त्यांना आरसा धरायला मजा वाटत होती, हे मला दिसत होतं. मग त्यांचा हात थांबला.

"लागली न्हाई."

"कसा आहे?"

"पिवळा हाय. फोडलेल्या भिताडावानी हाय." शेतातली बाई, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. "म्हंजी कनीस सोलायच्या आदीच दाना बिघडल्याला."

"हो. मिश्रीच्या आधीच. दुखतं म्हणून ती मिश्री लावते, जरा बधिर व्हावं म्हणून. मिश्री सोडायला हवी, ती मी सोडवीन. पण दात तिने खराब केलेले नाहीत."

हौसाबाईंनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, वेणीवरून खाली नेला. "आगं, मग सांगायचं न्हाईस व्हय दुकतंय म्हनून?"

सारिकाचं तोंड उघडंच होतं, तिला उत्तर देता आलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. आता टोप्यांचं बोलावं, असं मनाशी म्हणत होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मग झालं कशानं?"

मी मालनकडे पाहिलं नाही. "कधी कधी लहानपणी मोठं दुखणं येतं, जोराचा ताप वगैरे. त्यानेही दात असे होऊ शकतात."

"ताप?" हौसाबाई म्हणाल्या.

आरसा त्यांनी हळूच माझ्या ट्रेमध्ये ठेवला. मग दवाखान्यात बसायला काय आहे ते न बघताच खाली फरशीवर बसल्या.

"वर बसा आजी, खुर्ची आहे."

"सात म्हयन्याची हुती," त्या म्हणाल्या. माझ्याशी बोलत नव्हत्या. "अंग तव्यावानी भाजत हुतं. ही मालन पाया पडत हुती माज्या, आत्याबाई, खाली पाटनला न्हेऊ या. मी म्हनलं, पोरीच्या जातीला काय हुतंय. सुगी चाललीय, बैलगाडी कोन जुपनार. आंगारा लावला, काडा पाजला. तीन दिस तशीच ठिवली. मग उतरला आपोआप." त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले. "उतरला म्हनून मी हसली हिला. म्हनलं, बघ, उगा नाचत हुतीस. आन् ह्यो ताप आत दातात जाऊन बसला व्हय. माज्यामुळं."

"आजी, तसंच असेल असं नाही," मी घाईने म्हणाले. "असू शकतं, एवढंच म्हटलं मी. दुसरीही कारणं असतात."

"आसू द्या बाई. झाकू नका." त्या रडत नव्हत्या. त्यापेक्षा वाईट होतं. आठवडाभरापूर्वी उलथन्याचा मार ठणकावून सांगणारी बाई फरशीवर एवढीशी होऊन बसली होती. "वर त्याच दातापायी मी हिला मारलं."

मी काय करावं ते मला सुचेना. आत्ता खरं सांगितलं तर मालन बुडणार होती, नाही सांगितलं तर ही म्हातारी मरेपर्यंत तो ताप उरावर वागवणार होती. सांगायचा अधिकार माझा नव्हता. मी ट्रेमधली हत्यारं उगाच इकडची तिकडे केली.

दाराशी चप्पल वाजली. मालन पुढे आली, सासूसमोर फरशीवर बसली.

"आत्याबाई, तापानं न्हाई."

"तू गप. तू तवा सांगत हुतीस, मी ऐकलं न्हाई."

"तापानं न्हाई म्हनते ना मी." आणि तिने पदर सोडला.

मी तिचे दात पहिल्यांदा पाहिले. काळे होते, गावातल्या कुठल्याही बाईसारखे. पण दात म्हणावे तर ते उरलेच नव्हते. झिजून झिजून नुसती खुंटं राहिली होती, काही तर हिरडीच्या पातळीवर. ही बाई तिशीतली होती.

"डॉक्टरीनबाई," ती म्हणाली, "ह्यांना खरवडून दावा."

"दुखेल तुम्हाला."

"दावा."

मी तिला दिव्याकडे वळवलं. पुढचा त्यातल्या त्यात उंच दात निवडला आणि जमेल तेवढ्या हलक्या हाताने मिश्रीचा जुना थर खरवडला. तिने खुर्चीचा पाय धरून ठेवला होता, बोटं पांढरी पडली होती. काळ्याखालून पिवळं आलं, आणि त्यावर बारीक खड्डे. सारिका खुर्चीतून वाकून बघत होती. तिने स्वतःच्या सुळ्याला जिभेने चाचपलं.

"माज्या आईचं बी आसंच," मालन म्हणाली. "आमच्या घरचं हाय हे. लग्नात सांगितलं न्हाई तुमाला. तुमच्या डबीतली मिसरी बी म्याच काडून दिली पोरीला. तिनं चोरली न्हाई. काय करायचं ते मला करा."

हौसाबाईंनी हात पुढे करून सुनेची हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली, आणि आपण बियाणं निरखतो तसं एकेक दात बघत गेल्या. मागचे बघायला त्यांनी बोटाने तिचा गाल बाजूला केला. बाहेर एस. टी.चा कंडक्टर चिपळूण, चिपळूण ओरडत होता.

"दुकतं?" त्यांनी विचारलं.

मालनने मान हलवली.

"रोज?"

"व्हय."

"आन् मी सगळ्या भावकीत सांगत फिरती," हौसाबाई म्हणाल्या, "की माजी सून गर्वाची हाय, कंदी माज्याम्होरं हसत न्हाई."

मालन रडायला लागली. तोंड झाकायला तिने पदर उचलला, तो हौसाबाईंनी धरून खाली केला. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि त्यांनी सारिकाला दंडाला धरून खुर्चीतून उतरवलं.

"तुजं मागनं," त्या नातीला म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "ऊठ. बस हितं."